पाहुण्यांची ताटली

ब्रुकलिन,
२ सप्टेंबर १९९६

प्रिय कार्लायल,

आले रे बाबा, कागद आले! पोस्टमन लिफाफा टाकून गेला आणि मी तो फ्रिजवर ठेवून नुसती बघत बसले. मुलांना वाटलं, कुणी गेल्याचं पत्र आलंय. शेवटी थोरल्यानेच फोडला. आता मी या देशातून उघड माथ्याने बाहेर पडू शकते आणि परतही येऊ शकते. बारा वर्षं मी पोलिसाची गाडी दिसली की रस्ता ओलांडत होते. काल मुद्दाम एकीच्या शेजारी उभी राहून केळं खाल्लं.

पण केळं संपलं आणि लक्षात आलं: घरी न येण्याला आता सबबच उरली नाही.

सात वर्षांपूर्वी डॅडी गेला तेव्हा मी का आले नाही, ते तुझ्याशिवाय कुणाला माहीत नाही. विमानात बसले असते तर परत येता आलं नसतं, आणि दोन्ही पोरं इथे. मी कागदांशिवाय राहते हे गावात कळलं असतं तर ते ब्रुकलिनमध्ये पोचायला आठवडा लागला नसता, म्हणून मीच तुला मॅमीला थाप मारायला लावली, की आयोनीला कामावरून रजा मिळाली नाही. आणि मॅमी थडग्यापाशी सगळ्या गावासमोर म्हणाली, "बापापेक्षा जिची नोकरी मोठी, तिचं नाव माझ्या घरात कुणी काढायचं नाही." तूच लिहिलं होतंस, शब्द न् शब्द. दोन शब्द गाळले असतेस तर चाललं असतं रे.

त्यानंतर माझं एकही पत्र तिने फोडलं नाही. दर नाताळला मी पिंप भरून सामान पाठवते, ते ती चर्चच्या लिलावात देऊन टाकते, हेही तूच कळवतोस.

तर मी असं ठरवलंय. मी टुरिस्ट म्हणून येणार. विमान, हॉटेल, नाश्ता, सगळं एका तिकिटात. तू गोऱ्या लोकांना दिवसभर बेट फिरवून आणतोस ना, त्या बसमध्ये मागची एक जागा मला दे. मी टोपी नि काळा चष्मा घालीन. आपल्या गावावरून, टॅबिथा बेवरून जाताना बस जरा हळू कर. मॅमी ओसरीवर असली तर तिला बघेन. उतरणार नाही. तिला आत्ताच काही सांगू नकोस, शपथ आहे.

तुझी,
आयोनी


कनान, टोबॅगो,
१७ सप्टेंबर १९९६

अगं येडे,

पत्र वाचून मी बसच्या टपावर चढून ओरडलो. शेजारच्या टँटी ऑर्लिनला वाटलं, लॉटरी लागली. मी म्हटलं, त्याहून मोठं, पण सांगता येत नाही. आता ती माझ्याशी बोलत नाही.

आपल्याच घराचं दर्शन तिकीट काढून घेणारी या बेटावर तू पहिलीच. आणि तुला मी दर सांगू का? किल्ला, धबधबा, जंगल, किनारा, दुपारचं जेवण धरून. भावाची बहीण म्हणून एक आंबा फुकट.

पण नुसती बस हळू करून काय होणार? बारा वर्षांनी येऊन तू आईला कोंबडीसारखी खिडकीतून बघणार? त्यापेक्षा माझं ऐक. ३ नोव्हेंबरला आपल्या गावचा सुगीचा रविवार आहे. ब्रुकलिनमध्ये विसरली नसशील तर आठव. त्या दिवशी टॅबिथा बेमध्ये कुणीही कुठल्याही दारात शिरावं, पोटभर जेवावं आणि उठून चालू लागावं. "तू कोण, कुणाची" असं विचारलं की त्या घराची अब्रू गेली. डॅडी असताना एक माणूस तीन वर्षं ओळीने आपल्याकडे जेवला, चौथ्या वर्षी कळलं की तो सरकारी करवसुलीवाला. तरी मॅमीने त्याला मटण दुसऱ्यांदा वाढलंच.

त्या रविवारी मी बस आपल्या दारात उभी करतो. टुरिस्टांना गावची सुगी दाखवायची, एवढंच. तू त्यांच्यात मिसळून आत ये. मॅमी विचारू शकणार नाही, मग हाकलणार कशी?

मी डोकेबाज आहे, हे तू लहानपणी कधी कबूल केलं नाहीस. आता कर.

कार्लायल


ब्रुकलिन,
३० सप्टेंबर १९९६

प्रिय कार्लायल,

डोकं आहे, पण अर्धंच. ती हाकलणार नाही, हे मलाही ठाऊक आहे. मला भीती तिच्या पाहुणचाराची आहे.

काचेच्या कपाटातल्या निळ्या काठाच्या ताटल्या आठवतात? वर्षातून एकदा, सुगीला निघायच्या. त्यांत पाहुणे जेवायचे. आपण दोघं सगळ्यांच्या मागून, परसातल्या पायरीवर, टवके उडालेल्या पत्र्याच्या थाळीत. आणि मग भाताच्या लोखंडी हंड्याच्या बुडाची खरवड. त्यापायी तू माझ्या दंडाला चावला होतास, वण अजून आहे. मॅमी म्हणायची, "पाहुण्याला खरवड वाढली तर तो गावभर सांगेल, की एल्मीनाने मला जळकं खायला घातलं. ही घरच्यांची."

मॅमीने माझ्या हातात ती निळी ताटली दिली आणि चर्चमधल्या आवाजात "मॅडम, आणखी थोडं घ्या ना" म्हटलं, तर समजायचं की संपलं. तिने शिव्या घातल्या, झाडू उगारला, तर मी गुडघे टेकून आनंदाने मार खाईन. पण "मॅडम" म्हणाली तर परत यायला मला तोंड उरणार नाही, आणि मुलांना तरी काय सांगू, आजी कशी आहे म्हणून? फार अगत्यशील आहे?

तरीही येते. खिडकीतून बघून परत गेले तर जन्मभर स्वतःलाच टोचत राहीन. मॅमीला चुकूनही कळू देऊ नकोस. तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही, म्हणून दोनदा लिहिते: कळू देऊ नकोस.

आयोनी


कनान,
१५ ऑक्टोबर १९९६

प्रिय आयोनी,

मी दगड आहे दगड. मॅमीला कणभर संशय नाही. मी तिला एवढंच म्हटलं की सुगीला माझे टुरिस्ट जेवायला आणीन. "किती जण?" म्हणाली. मी म्हटलं, अकरा. "सगळे गोरे?" मी म्हटलं, "हो, दुधासारखे." विषय संपला.

फक्त मला तिची काळजी वाटायला लागलीय गं. म्हातारी झाली. मागच्या रविवारी गेलो तर भात चक्क करपवलेला. डॅडी गेल्यापासून हंड्याला कधी भात लागू दिला नव्हता तिने. लाकडं आधीच ओढून घ्यायची, हंडा धुतल्यासारखा निघायचा. मी म्हटलं, "मॅमी, वास येतोय." तर म्हणाली, "गप बस, बघू दे." बुडाची खरवड उलथन्याने काढून उजेडात धरून बघितली आणि म्हणाली, "फार काळी झाली." या रविवारी पुन्हा तेच. यावेळी म्हणाली, "आता बरी." करपलेल्या भाताला बरी म्हणते! नजर गेलीय, दुसरं काय. जानेवारीत तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेणार आहे.

मन मात्र मोठं आहे तिचं. टुरिस्टांसाठी आल्याच्या वड्या करून दिल्यात. म्हणाली, "घाटातल्या वळणांवर मागच्या सीटवर बसणाऱ्याला मळमळतं. त्याला दे." परक्या माणसांची केवढी काळजी बघ.

तू ये. विमानतळावर मी दुसऱ्यांच्या नावाची पाटी धरून उभा असेन. ओळख दाखवू नकोस. टँटी ऑर्लिनचा भाचा तिथे हमाल आहे.

कार्लायल


हॉटेलमधून,
शुक्रवार, १ नोव्हेंबर

कार्लायल,

ही चिठ्ठी काउंटरवर तुझ्या नावाने ठेवते.

रविवारची माझी जागा रद्द कर.

तीन दिवस मी टुरिस्ट झालेय. बुकूच्या किनाऱ्याहून काचेच्या तळाच्या होडीतून प्रवाळ बघून आले. आपण इथे जन्मलो आणि हे कधी बघितलं नव्हतं, कारण डॅडी म्हणायचा, समुद्रात मासे असतात ते मला माहीत आहेत. पायाखालून निळे-पिवळे मासे जायला लागले तेव्हा मी लहान मुलीसारखी ओरडले. मग भर समुद्रातल्या त्या कमरेएवढ्या पाण्यात सगळ्यांना उतरवलं. म्हणे, इथे डुंबलं की माणूस दहा वर्षांनी लहान होतो. मी दोनदा डुंबले. मला सात वर्षं कमी झाली असती तरी पुरे होतं.

होडीवाल्याने विचारलं, "मॅडम, आमच्या बेटावर पहिल्यांदाच?" त्याचं नाक हुबेहूब आपल्या वर्गातल्या नोलनचं. मी "हो" म्हटलं. आणि त्याने मला खेकडा कसा खायचा ते शिकवलं, कार्लायल! मला! मी मान डोलावत शिकले. परतताना इतकं रडू आलं, की शेजारच्या इंग्रज बाईंनी, मिसेस पेटिफरनी, उन्हाचं मलम पुढे केलं. त्यांना वाटलं, माझी कातडी भाजली.

एका होडीवाल्याचं "मॅडम" मला सोसवलं नाही. मॅमीचं कसं सोसवेल? मी सोमवारी परत जाते. तिला कधी काही सांगू नकोस.

आयोनी


शनिवार, २ नोव्हेंबर

आयोनी,

जागा रद्द होत नाही. बसचे नियम कडक आहेत, मी आत्ताच केले.

मिसेस पेटिफरही त्याच बसमध्ये आहेत, मलम घेऊन येतील. सकाळी आठला दारात उभी रहा. नाही आलीस तर मी हॉर्न वाजवत तुझं पूर्ण नाव घेईन, मधलं धरून.

आल्याच्या वड्या माझ्याजवळ आहेत.

कार्लायल


टॅबिथा बे,
सोमवार, ४ नोव्हेंबर १९९६

प्रिय कार्लायल,

हे पत्र पाववाल्याच्या गाडीतून पाठवतेय. अक्षर लागलं नाही तर समजून घे. बोटं पाण्यात राहून मनुकांसारखी सुरकुतलीत, पेन धरवत नाही. हॉटेलातून माझी बॅग घेऊन ये. मी आजच्या विमानाने जात नाही, पुढच्या आठवड्याचंही बघू.

तू बस उभी केलीस आणि टँटी ऑर्लिनच्या बहिणीने तुला तिच्या घरात ओढून नेलं, म्हणून तुला काहीच कळलं नाही. सगळं सांगते.

काल किल्ल्यावर तोफा बघताना मी ठीक होते. धबधब्यापाशी तू "इथे गावातल्या बायका पूर्वी कपडे धूत" असं सांगितलंस आणि त्या जर्मन गृहस्थाने मलाच विचारलं, "खरं वाटतं तुम्हाला?" तेव्हाही ठीक होते. जंगलाच्या रस्त्यावर तुझ्या त्या वळणांनी मळमळायला लागलं, तशी मी आल्याची वडी तोंडात टाकली. मॅमीच्या हातची. गूळ जास्त, आलं झोंबणारं. तेव्हाच मला समजायला हवं होतं, त्या वड्या कुणासाठी होत्या ते. तू तर काय, दगडच.

मी सगळ्यांच्या मागून घरात शिरले. मॅमी दारातच उभी, पांढरा पोशाख, सुगीची टोपी. इतकी लहान झालीय रे ती. प्रत्येकाच्या हातात हात देऊन "या, या, देवाने पाठवलं" म्हणत होती. माझा हात धरला, सोडला, आणि म्हणाली, "या मॅडम, बसा."

मी मिसेस पेटिफरशेजारी बसले. मॅमीने कपाट उघडलं. निळ्या ताटल्या. सगळ्यांना एकेक, मलाही एक. मटण, खेकडे घातलेलं अळू, कोनफळ, पांढराशुभ्र भात. "मॅडम, आणखी थोडं घ्या ना." त्याच चर्चमधल्या आवाजात. मी काळा चष्मा काढला नाही, कारण आत पूर आला होता. शेवटचंच जेवण आहे, असं समजून मी ताटली पार पुसून खाल्ली.

त्या जर्मन गृहस्थाने पाकीट काढून "बिल किती?" विचारलं. मॅमीने त्याच्याकडे असं बघितलं, की त्याने पाकीट जवळजवळ गिळलं.

मग सगळे उठून चर्चच्या अंगणात लिलाव बघायला गेले. मीही उठले. निघतानाचे आभार मी इंग्रज बाईसारखे पाठ केले होते. तर मॅमी समोर आली, माझ्या हातातली निळी ताटली काढून घेतली आणि म्हणाली,

"कुठे निघालीस?"

मी दाराकडे बोट दाखवलं.

"पाहुणे जेवले. आता ही भांडी कोण घासणार? मी? या गुडघ्यांनी? चाळीस माणसं जेवून गेलीत सकाळपासून, आणि ही बसलीय मडमेसारखी टोपी घालून!"

"मॅमी..." एवढंच निघालं तोंडातून.

"टोपी काढ. चष्मा काढ. बघू, किती वाळलीस ती. आणि आधी परसात जा, तिथे ठेवलंय तुझं."

परसातल्या पायरीवर ती टवके उडालेली पत्र्याची थाळी होती, वर केळीचं पान. खाली खरवड. बदामी, कडेला किंचित काळी, खोबऱ्याच्या दुधाचा वास. कार्लायल, तिची नजर गेलेली नाही. म्हातारी दोन रविवार सराव करत होती.

मी पायरीवर बसून खाल्ली. दोन्ही हातांनी, नाक पुसत. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय, ते मला काल कळलं.

मग भांडी. आणि सांगू, पाणी कशातून काढत होते? मी पाठवलेल्या पिंपांतून! सामान लिलावात दिलं, पण पिंपं सगळी परसात ओळीने उभी. त्यांत पावसाचं पाणी धरते. "पिंप चांगलं असतं," म्हणाली.

घासता घासता मी कागदांचं सगळं सांगितलं. ती पुसत होती. ऐकून झाल्यावर ताटली तशीच हातात धरून उभी राहिली.

"एवढंच? एवढंच होतं?" म्हणाली. "मला वाटलं, तुला आमची लाज वाटते. तिकडे मोठ्या घरात राहतेस, कोळ्याच्या मयताला कशाला येशील. हे आधी कळतं तर सात वर्षं तुझ्यावर रागवायची मेहनत तरी वाचली असती. सोपं नसतं ते." आणि मग रडली. मीही. भांडी तशीच राहिली, माश्या बसल्या.

मी विचारलं, मी येणार हे तुला कुणी सांगितलं? म्हणाली, "सांगायला कशाला हवं? तुझा भाऊ सात वर्षं दर रविवारी सुतकी तोंडाने येऊन जेवून जात होता. मग एक दिवस शीळ घालत आला. आणि मला म्हणतो, सगळे दुधासारखे गोरे आहेत! त्याला विचारलं कुणी होतं, किती दुधासारखे ते?"

आज सकाळी तिने मला डॅडीच्या थडग्याकडे पाठवलं. "जाऊन ये," म्हणाली. "मी त्याला तेव्हाच सांगून ठेवलं होतं, ती येईल, पण उशिरा येईल म्हणून." म्हणजे गावासमोर एक बोलली आणि त्याच्या कानात दुसरंच. मी तिथे बराच वेळ बसले. आता बरं वाटतंय. खूप बरं वाटतंय.

एक विचारायचं राहिलं. तू हॉर्नवर हॉर्न वाजवत होतास, तेव्हा मॅमी हातात फडकं घेऊन बाहेर गेली. बऱ्याच वेळाने आली ती एकटीच हसत. तुला काय म्हणाली? कितीही विचारलं तरी सांगत नाही.

आयोनी

ता. क. थाप मारल्याबद्दल तुला ती बघून घेणार आहे. मी सांगितलं की थाप माझी होती. म्हणाली, "मारली त्याच्याच तोंडाने ना?"


कनान,
मंगळवार, ५ नोव्हेंबर १९९६

प्रिय आयोनी,

बॅग पाववाल्याबरोबर पाठवतोय. मी रविवारी येईन, तोवर तिचा हात थोडा निवेल.

डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ रद्द केली. मी दगड आहे, हे मी स्वतःच लिहिलं होतं, तेव्हा तुला पुन्हा लिहायची गरज नव्हती.

आता बाहेर काय झालं ते सांगतो. सगळे बसमध्ये बसले, तुझी जागा रिकामी. जर्मन गृहस्थ उभं राहून म्हणू लागले, अकरा आलो, दहा निघालोय, एक बाई हरवलीय, पोलिसांना कळवा. मी घामाघूम. मला वाटलं, तू रडत समुद्राकडे निघून गेलीस, आणि हे सगळं माझ्या अर्ध्या डोक्याने केलं. हॉर्न वाजवत होतो तो तुला बोलवायला नव्हता गं, भीतीने हात तिथून निघत नव्हता.

तेवढ्यात मॅमी आली. फडकं खांद्यावर, हात ओले. मी खिडकीची काच वर करणार होतो. पण ती माझ्याकडे आलीच नाही. बसच्या दाराची पायरी चढून आत उभी राहिली, टोपी सरळ केली आणि सगळ्या टुरिस्टांना म्हणाली,

"तुमची बाई हरवलेली नाही. ती माझी मुलगी आहे. आयोनी घरी आली आहे, ती आता पुढे येणार नाही."

मिसेस पेटिफरनी तोंडावर हात नेला, आणि मग त्यांनाच मलमाऐवजी रुमाल लागला. जर्मन गृहस्थांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांनीच वाजवल्या. परतीच्या वाटेवर कुणी एकही किनारा बघायला उतरलं नाही. म्हणाले, आजचं बघून झालं.

पण ते नंतर. सात वर्षं त्या बाईच्या तोंडून मी तुझं नाव ऐकलं नव्हतं. चुकून माझ्या तोंडी आलं तर ती उठून परसात जायची. म्हणून ती पायरी उतरायला लागली तेव्हा मी म्हटलं, "कोण आलंय, मॅमी? इंजिन चालू होतं, ऐकू नाही आलं."

इंजिन बंदच होतं, तिलाही माहीत होतं.

"आयोनी," ती म्हणाली. पुन्हा एकदा, सावकाश. "आयोनी आलीय." आणि मग मला ओल्या फडक्याने हाणलं.

तुझा,
कार्लायल